नुसतं ढोंग असतं, तर एवढा खटाटोप कशाला?

मध्ययुगीन युरोपातल्या व्याजबंदीवरच्या माझ्या लेखावर तुम्ही दिलेली प्रतिक्रिया परखड आहे. तिची दोन ओळींत बोळवण करणं बरं दिसलं नसतं, म्हणून हे लांबलचक उत्तर.

तुमचं म्हणणं मला समजलं ते असं: मध्ययुगीन चर्चची व्याजबंदी म्हणजे शुद्ध ढोंग. इटलीतले सावकार पोपच्या डोळ्यांदेखत गब्बर झाले, पापाचा पैसा चॅपल (छोटं प्रार्थनामंदिर) बांधून धुऊन काढला, आणि मी मात्र ‘व्यापाऱ्यांना नरकाची खरोखर भीती वाटे’ असं भाबडेपणाने लिहून गेलो. शिवाय ज्यूंचा विषय मी अर्ध्या ओळीत उरकला.

शेवटच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. ‘व्याजाचा धंदा ज्यूंकडे गेला’ असं मी लिहिलं, जणू तो आपल्या पायांनी चालत गेला! इंग्लंडचंच बघा. जमीनदारी आणि गिल्ड (व्यापारी-कारागिरांचे संघ), दोन्हींची दारं त्यांना बंद. राजा त्यांना आपली मालमत्ता समजे. त्यांच्या कर्जरोख्यांसाठी सरकारात वेगळं खातं होतं, म्हणजे कोणाकडे किती येणं आहे हे राजाला नेमकं ठाऊक, आणि मनात येईल तेव्हा कर बसवायला तो मोकळा. कर्जदारांचे शिव्याशाप ज्यूंना, मलई राजाला. 1275 मध्ये एडवर्ड पहिल्याने त्यांना व्याज घ्यायलाच बंदी केली आणि 1290 मध्ये देशाबाहेर काढलं. तोवर राजाला पैसा पुरवायला इटलीतल्या लुक्का शहरातली रिकार्डी पेढी होतीच. इथे ढोंग हा शब्दसुद्धा सौम्य आहे.

पण इटलीतल्या ख्रिस्ती व्यापाऱ्यांबद्दल मी माघार घेणार नाही. 1179 च्या तिसऱ्या लॅटेरन परिषदेने, म्हणजे चर्चच्या धर्मसभेने, उघड व्याजखोराला कम्युनियन (चर्चमधला पवित्र प्रसाद) आणि ख्रिस्ती दफन, दोन्ही नाकारलं. 1274 च्या लियोंच्या परिषदेने त्याही पुढे जाऊन ठरवलं, की घेतलेलं व्याज परत करण्याची तजवीज केल्याशिवाय अशा माणसाचं मृत्युपत्र ग्राह्य धरायचं नाही. म्हणजे वारसांचाही जीव टांगणीला! आणि परत करायचं म्हणजे ज्याच्याकडून घेतलं त्याला. तो सापडला नाही तरच गोरगरिबांना. चॅपल बांधलं की हिशेब मिटला, असं शास्त्र सांगत नव्हतं.

आता पळवाटा. त्या होत्या, आणि माझ्या मते सगळ्या विषयातली रंजक गोष्ट तीच आहे. नुसतं कर्ज देऊन व्याज घेतलं तर पाप. पण एका शहरात एक नाणं देऊन दुसऱ्या शहरात दुसरं नाणं घेतलं, तर तो विनिमय. त्यासाठी लिहिला जाणारा कागद आपल्या हुंडीची आठवण यावी असा. समजा, फ्लोरेन्समध्ये मी तुम्हाला 1000 फ्लोरिन (तिथली सोन्याची नाणी) दिले, फ्लोरिनला 40 इंग्लिश पेनी या भावाने. तीन महिन्यांनी लंडनमध्ये माझ्या माणसाला 40,000 पेनी मिळाले. तिथे फ्लोरिन जरा स्वस्त, 37 पेनीला. त्याने तीच रक्कम लंडनहून फ्लोरेन्सच्या तशाच उलट्या कागदावर लावली, की आणखी तीन महिन्यांनी माझ्या हातात 1081 फ्लोरिन. व्याज हा शब्द कागदावर कुठेच नाही. भाव फिरला तर मी बुडूही शकतो, आणि धर्मशास्त्री या जोखमीवरच बोट ठेवून हा व्यवहार चालवून घेत. दोन्ही टोकांचे भाव आधीच ठरवून केलेल्या नुसत्या कागदी व्यवहाराला मात्र ते ‘कोरडा विनिमय’ म्हणत आणि व्याजखोरीतच धरत.

तुम्ही याला लबाडी म्हणाल. म्हणा. पण जो नियम कोणीच जुमानत नाही, त्याला वळसा घालायला लंडनला माणूस ठेवायची गरज काय? घरीच व्याज घेतलं असतं की!

इटलीतल्या पादुआच्या स्क्रोव्हेन्यी चॅपलचं तुमचं उदाहरण अर्धं मान्य. कवी दांतेने आपल्या काव्यातल्या नरकात व्याजखोर दाखवलेत, गळ्यात थैल्या अडकवलेले. त्यातल्या एकाच्या थैलीवर निळी डुकरीण आहे, म्हणजे स्क्रोव्हेन्यी घराण्याचं चिन्ह. तो रेजिनाल्दो स्क्रोव्हेन्यी, असं मानतात. मुलगा एन्रिको याने चॅपल बांधलं, चित्रकार जोत्तोने रंगवलं. मात्र ते बापाच्या पापाचं प्रायश्चित्त म्हणून बांधलं, ही गोष्ट सांगायला जितकी छान आहे तितका तिला कागदोपत्री आधार नाही. उलट 1305 मध्ये शेजारच्या मठातल्या संन्याशांनीच तक्रार केली होती, की हे बांधकाम देवासाठी कमी आणि मिरवण्यासाठी जास्त आहे. तेव्हा तुमचा संशय सातशे वर्षं जुना आहे, आणि तो ख्रिस्ती साधूंनीच आधी बोलून दाखवला होता.

एक उदाहरण मात्र तुम्ही टाळलंत. फ्लोरेन्सजवळच्या प्रातोचा व्यापारी फ्रांचेस्को दतिनी. त्याच्या चोपड्यांवर ‘देवाच्या आणि नफ्याच्या नावाने’ असं लिहिलेलं असे. तुम्हाला यात ढोंग दिसेल, पण चोपडी चारचौघांत मिरवायची वस्तू नव्हे. ती मालक आणि कारकून यांच्यातली. त्याचा नोटरी मित्र लापो माझ्झेई त्याला पत्रांतून सारखा टोचत राही, की धंद्यापायी आत्म्याकडे दुर्लक्ष करू नकोस. 1410 मध्ये दतिनी वारला, तेव्हा जवळजवळ सगळी संपत्ती प्रातोच्या गरिबांसाठी ठेवून गेला.

मूळ लेखातलं ज्यूंबद्दलचं वाक्य काढून तिथे इंग्लंडचा परिच्छेद घालतोय, खाली तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून. नरकाच्या भीतीचं वाक्य आहे तसंच राहील.