दिवाणातलं कूळ

आमच्या लातूरकडं अंगावर गांधी उठल्या की डॉक्टर सगळ्यात शेवटी लागतो. आधी घर, मग गल्ली, मग किराणा दुकानदार. माझ्या पाठीवर, नेमका हात पोचत नाही तिथं लाल पुरळ उठलं, तेव्हा हा सगळा क्रम पार पडला. आईनं पित्त ठरवून आमसुलाचं पाणी चोळलं. शेजारचे काका ढेकूण म्हणाले आणि "आमच्याकडं नाहीत बरं का" अशी पुस्तीही जोडली. दुकानदारानं मुंग्यांची पावडर गळ्यात मारली. शेवटी डॉक्टरांनी पाठ न बघताच "उन्हाळा आहे" म्हणत मलम लिहून दिलं. बायकोचं एकच म्हणणं, "रातभर काय खाजवूलालाव? झोपू द्या की जरा."

मी झोपतो तो दिवाण वडिलांनी हौसेनं करून घेतलेला, आंब्याच्या लाकडाचा. त्याला भुंगा लागलाय. रोज सकाळी खाली पिठासारखा भुसा पडतो, बायको तो झाडते आणि झाडताना सासऱ्यांच्या हौसेबद्दल काहीतरी पुटपुटते. एका रात्री मोबाईलच्या बॅटरीत चादरीवर काहीतरी चालताना दिसलं. काळपट तपकिरी, लांबट, फार तर तीन मिलिमीटर. चिकटपट्टीनं उचललं.

भाची आमच्याकडंच राहून अॅग्रीला शिकते. तिनं भिंग लावलं आणि किंचाळली, "मामा, ही मुंगी नाहीये!" पोरीला इतका आनंद बारावीच्या निकालालाही झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली बघून आली. म्हणे गांधीलमाशी आहे.

"माशी? पंख कुठंत?"

"मादीला बहुधा नसतातच."

मग जेवायच्या ताटावर शरीररचना सुरू झाली. मुंगीच्या मिशा कोपरात वाकलेल्या असतात आणि कमरेवर एक किंवा दोन गाठी असतात. हिला गाठ नाही. मिशीचे सांधे तेरा, तिनं मोजलेले. डोकं चपटं, पुढं काढलेलं, जबडे समोर, म्हणजे भुंग्याच्या बोगद्यात सरळ घुसता येतं. उडायचंच नाही म्हटल्यावर पंखांचे स्नायू कशाला, म्हणून छातीही बारीक. आणि जिला आपण कंबर म्हणतो तिच्या पुढं पोटाचा पहिला भाग छातीलाच जोडलेला असतो. मुंगी, मधमाशी, गांधीलमाशी सगळ्यांचं असंच. पोट कुठं संपतं आणि छाती कुठं सुरू होते याचा घोळ माझाही आहे, पण माझा कुणी अभ्यास करत नाही.

"आणि नांगी?" मी पाठ दाखवत विचारलं.

"ती मुळात अंडी घालायची नळी. तिचीच नांगी झाली. म्हणून चावते ती मादीच."

बायकोनं वरण वाढता वाढता माझ्याकडं पाहिलं. मी भाताकडं पाहिलं.

आईला मात्र यातलं काही नको होतं. तिनं मुद्द्याचं विचारलं, "कोण्या घरची हाय?"

भाची खुलली. गण हायमेनोप्टेरा, कूळ बेथिलिडी, प्रजाती स्क्लेरोडर्मस. हे नाव लात्रेय नावाच्या फ्रेंच माणसानं १८०९ मध्ये ठेवलं. तेव्हा आमच्याकडं निजामाचं राज्य होतं आणि माणसांच्याच नोंदी धड नव्हत्या.

"म्हणजे मुंगीची बहीण?"

"लांबची, आज्जी. भावकीतली म्हणा."

भावकी म्हटल्यावर चावणं ओघानं आलंच, असं आईचं मत पडलं.

खरी अडचण पुढं. ही बया माझ्यासाठी आलेलीच नाही. लाकूड पोखरणाऱ्या भुंग्यांच्या अळ्या ती शोधते, नांगी मारून लुळ्या करते आणि त्यांच्या अंगावर अंडी घालते. पिल्लं त्या अळीवरच वाढतात, आणि आई त्यांना सोडून जात नाही, राखण करते. अळी मोठी असली तर चारदोन माद्या मिळून हे काम करतात. चीनमध्ये याच प्रजातीतल्या गांधीलमाश्या वाढवून झाडांची खोडं पोखरणाऱ्या भुंग्यांवर सोडतात. आपल्याकडं कापसाला ट्रायकोकार्ड, म्हणजे मित्रकीटकांची पट्टी, लावतात त्यातलीही परोपजीवी गांधीलमाशीच. ती बिचारी बोंडअळीच्या अंड्यांवर भागवते, शेतकऱ्याच्या पाठीला जात नाही.

थोडक्यात, माझ्या दिवाणाचं फुकट औषधपाणी चाललं होतं आणि मी मध्ये झोपत होतो.

"मग फवारू या की," बायको म्हणाली. भाचीनं ठाम नकार दिला. फवारा वरवर बसतो, भुंगा आत सुखरूप राहतो. आधी भुंग्याचा बंदोबस्त करा, अळ्या संपल्या की ही आपोआप जाईल. सुतार आला, बोटानं टकटक केलं, "आतून पोकळ झालंय, मालक, जळणाला द्या," म्हणाला. हे आईनं ऐकलं. त्याला चहासुद्धा मिळाला नाही. ऊन दाखवायचं ठरलं, तर अंगणात काढायला चार माणसं लागतात आणि चैत्रात चार माणसं एकत्र फक्त मांडवात सापडतात.

अशात उदगीरहून दाजींचा फोन आला, लेकीला भेटायला मुक्कामी येतो म्हणून. जावयाला खाली गादीवर कसं झोपवायचं? आईनं ठेवणीतली चादर काढली, दिवाणावर अंथरली, उशीला नवा अभ्रा घातला. मी भाचीला बाजूला घेऊन विचारलं, "पप्पांना सांगायचं का गं?"

ती रिकाम्या डबीवर तारखेची चिठ्ठी चिकटवत होती.

"राहू द्या की, मामा," ती म्हणाली. "एका पाठीवरून काहीच सिद्ध होत नाही."