स्वतःला घडवा, बिलं थकवा

उद्योजक मित्रहो, धंदा वाढवायचा तर आधी स्वतः वाढायला हवं. हे वाक्य तुम्ही ऑफिसच्या भिंतीवर चांगल्या जाड अक्षरांत लावून घेतलंत, त्याबद्दल अभिनंदन. ती पाटी करून देणाऱ्याचं बिल तेवढं तिच्याखालच्याच टेबलावर पडून आहे. पडू द्या. वाढत्या माणसाला असल्या क्षुल्लक गोष्टींत अडकवू नये. ही वाढ अशीच निर्वेध चालू राहावी म्हणून काही सूचना.

सुरुवात पहाटेपासून. पाचला उठणारे आता पैशाला पासरी झालेत, तुम्ही चारला उठा. झोपायची वेळ मात्र तीच ठेवा, कारण रात्री बारापर्यंत ग्रुपवर सुविचार टाकायचे असतात. चारला उठलेल्या माणसाला रात्री नऊ वाजता जागून १७ तास झालेले असतात. सलग १७ तास जागलेल्या माणसाचा हात-डोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा बिघडतो, असं १९९७ साली ‘नेचर’मध्ये छापून आलंय. मोठं गिऱ्हाईक नेमका त्याच सुमाराला फोन करतं आणि दहा टक्के सूट मागतं. तुम्ही नुकतीच ‘समृद्धीची मानसिकता’ अंगी बाणवलेली असते, तेव्हा दिलखुलास हो म्हणून टाका. शंभराला विकलेल्या मालात तुम्हाला तीस सुटत होते, आता नव्वदला विकून वीस सुटतील. पूर्वीइतकाच नफा हातात यायला दीडपट माल विकावा लागेल. दहा टक्क्यांच्या सुटीसाठी पन्नास टक्के जास्त मेहनत! भाव सांगून झाल्यावर समोरचा बोलेपर्यंत गप्प राहणं, हीही एक साधना आहे. पण तिचं शिबिर कुणी भरवत नाही आणि तिथे फोटोही निघत नाहीत.

सवय २१ दिवसांत लागते, यावर श्रद्धा ठेवा. १९६० साली एका प्लास्टिक सर्जननं लिहून ठेवलं होतं की ऑपरेशननंतरचा बदललेला चेहरा स्वतःचा वाटायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात. तिथून हा आकडा सुटला तो अजून धावतोय. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात रोजच्या सवयी प्रत्यक्ष मोजल्या, तेव्हा मधला आकडा ६६ दिवस निघाला. कुणाला १८ दिवस पुरले, कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. तुम्ही बाविसाव्या दिवशी रोजमेळ लिहिणं सोडून द्या आणि ‘हिशेब माझ्या स्वभावातच नाही’ म्हणून मोकळे व्हा.

कृतज्ञतेची वही रोज लिहा. उधारीची वही वर्षाअखेरीस उघडली तरी चालते.

आता ‘सोपवायला शिका’. काम सोपवा, अधिकार तेवढे सोपवू नका. खरेदीचं काम दुसऱ्याकडे द्या, पण किती रकमेपर्यंत त्यानं तुम्हाला न विचारता हो म्हणावं ते चुकूनही लिहून देऊ नका. तो विचारायला आला तर ‘स्वतः निर्णय घ्यायला शीक’, आणि घेऊन आला तर ‘मला विचारलं का नाहीस?’ असं सगळ्यांसमोर म्हणा. खरं तर पायऱ्या सोप्या आहेत. काम टप्प्याटप्प्यानं कागदावर उतरवायचं. एकदा तुम्ही करायचं आणि त्यानं बघायचं, मग त्यानं करायचं आणि तुम्ही बघायचं. मर्यादेची रक्कम लेखी द्यायची. पहिल्या चुकीला काम परत स्वतःकडे ओढायचं नाही. या शेवटच्या पायरीवर बहुतेकांची गाडी अडते. अडणारच, कारण तिथे कागद पुरत नाही, मालकाचा स्वभाव बदलावा लागतो.

अभिप्राय मागा. ‘मला अगदी कठोर, प्रामाणिक अभिप्राय हवाय’ असं मीटिंगमध्ये जाहीर करा आणि जो पहिला तोंड उघडेल त्याला गोदामात पाठवा. पुढच्या मीटिंगला सगळे समाधानी असतील.

आणि आता मुख्य सूचना. शिबिराला जाताना मोबाइल बंद ठेवा आणि ‘सर आत्मशोधात आहेत, सोमवारी या’ असं सांगायला एक माणूस बसवून जा. हे वाक्य या महिन्यात इतक्यांदा ऐकलंय की आता ते झोपेतही ऐकू येतं. सोमवारी गेलं की ‘सर आल्यावर जरा शांततेत असतात, गुरुवारी बघू’. गुरुवारी ‘चेक तयार आहे हो, फक्त सही राहिलीय’. फक्त सही! अहो, सही करायला आत्मशोध लागत नाही, पेन लागतं.

तुमच्या धंद्याचं गणित तसं साधं आहे. माल ४५ दिवस पडून राहतो, गिऱ्हाईक ६० दिवसांनी पैसे देतं, पुरवठादार तुम्हाला ३० दिवस थांबतो. ४५ अधिक ६० वजा ३०, म्हणजे ७५ दिवसांचा खड्डा खेळत्या भांडवलानं भरावा लागतो. तो कमी करायचे रास्त मार्ग आहेत. न खपणारा माल कमी भरा, बिल माल निघाला त्याच दिवशी पाठवा, वसुलीचा फोन मुदत संपायच्या आधी करा. पण गिऱ्हाइकाकडे पैसे मागणं तुम्हाला ‘नकारात्मक ऊर्जा’ वाटते, म्हणून तुम्ही चौथा मार्ग काढलात: पुरवठादाराचे ३० दिवस ९० करून टाकले. खड्डा ७५ वरून १५ वर आला. वा! बाकीचा खड्डा कुठे गेला माहीत आहे? पुरवठादाराच्या अंगणात गेला. त्यानं कच्चा माल रोखीनं आणलाय, मजुरी दर आठवड्याला दिलीय, आणि तो रोज सकाळी तुमच्या स्टेटसवरचा सूर्योदय बघतोय.

हे फुकट पचतं असं समजू नका. पहिल्यांदा थकलं की पुरवठादार बोलत नाही, फक्त तुमची ऑर्डर रांगेत मागे सरकवतो. दुसऱ्यांदा तुमचा उशीर तो दरात मिसळतो. दर तीन-चार टक्के वाढतो, तुम्हाला वाटतं बाजार चढलाय. तिसऱ्यांदा निम्मी रक्कम आगाऊ मागतो. चौथ्यांदा त्याला दुसरं गिऱ्हाईक मिळालेलं असतं, आणि तुमच्याकडे उरतात ते पुरवठादार ज्यांचा माल इतर कुणी घेत नाही. मग माल परत येतो, आणि तुम्ही ‘माणसं पारखण्याची कला’ या विषयावरचं पुढचं शिबिर गाठता.

बिलं अडतात ती पैसे नसतात म्हणूनच, असंही नाही. बिलावर ऑर्डरचा नंबर नसतो. माल उतरवून घेणाऱ्यानं पोचपावतीवर सही केलेली नसते. ठरलेला दर एक आणि ऑर्डरवर टाइप झालेला दुसरा. हे तिन्ही घोळ बिल आल्या दिवशी बघितले तर दहा मिनिटांत मिटतात, साठाव्या दिवशी बघितले तर तेव्हाचा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. आणि समजा सगळं जुळलं, तरी मंजुरी देणारा एकच. तो कुठे आहे? डोंगरावर श्वास मोजतोय. इथे बिलाचे दिवस मोजणारे बसलेत!

पुरे झाला उपरोध. सरळ बोलतो. ध्यान करा, पळा, वाचा, पहाटे उठा, कुणाचं काही म्हणणं नाही. मालक शांत डोक्याचा झाला तर धंद्याला फायदा होतो, हे खोटं नाहीच. पण तुम्हाला वाढायचं आहे की वाढल्यासारखं वाटायला हवंय, ते एकदा ठरवा. तुम्हाला पैशाचा फोन करायची भीती वाटते. देणेकऱ्याला करायची वाटते आणि घेणेकऱ्याला करायचीही वाटते. ती झाकायला एवढा सगळा आटापिटा चाललाय. एक कागद घ्या, १३ आठवड्यांचे १३ रकाने पाडा. प्रत्येकात चार ओळी: सुरुवातीची शिल्लक, येणारे पैसे, जाणारे पैसे, उरलेली शिल्लक. येणाऱ्यांत गिऱ्हाईक म्हणतं ती तारीख लिहू नका, मागच्या तीन बिलांना त्यानं खरोखर जितके दिवस लावले तितके धरा. सातव्या आठवड्यात शिल्लक शून्याखाली जाताना दिसली, तर तुमच्या हातात सहा आठवडे आहेत. तेव्हाच पुरवठादाराला स्वतः फोन करा. सगळे जमणार नाहीत, अर्धे या तारखेला, उरलेले त्या तारखेला, असं सांगा. तो चिडेल, चार शब्द सुनावेल, ते ऐकून घ्या. ऑफिसातल्या पोरीला खोटं बोलायला लावू नका. लोकांच्या शिव्या ती खाते आणि ‘भावनिक प्रगल्भते’चं प्रमाणपत्र तुमच्या केबिनमध्ये लागतं. लाज वाटायला हवी याची.

शिबिर रविवारी संपतं ना? मग सोमवारी सकाळी, ध्यानाला बसायच्या आधी, टेबलावरच्या त्या चेकवर सही करा. पाटीवाल्याच्याही.