पुढं घोडी आहे

दर पौर्णिमेला गाणगापूर करणाऱ्या माणसाला गिरनारची परिक्रमा काय अवघड दाजी, असं म्हणून मेहुण्यानं मला घोळात घेतलं. कार्तिकी एकादशीला अख्खा सोलापूर जिल्हा पंढरपूरकडं आणि आम्ही दोघं जुनागढला! गिरनार डोंगराला वळसा घालून जंगलातनं ३६ किलोमीटर, एकादशी ते पौर्णिमा, एरवी तिकडं सिंह फिरतात म्हणे. सिंहाचं काय नाही, मला चढाचं टेन्शन. आमच्याकडं चढ म्हणजे रेल्वेचा पूल. प्रॅक्टिस म्हणून महिनाभर सिद्धेश्वर तलावाला चकरा मारल्या, आणि प्रत्येक चकरेला भजी, त्यामुळं वजन उलट दोन किलो वाढलं.

त्यात आई. जंगलात थंडी असते म्हणून सोलापुरी चादर, आणि एक कशाला, दोन. वर तीस कडक भाकऱ्या. परिक्रमेत प्लास्टिकला बंदी, मग शेंगाचटणी स्टीलच्या डब्यात, डबा परत कापडात. भवनाथ तळेटीला, म्हणजे गिरनारच्या पायथ्याला, सॅक पाठीवर चढवली आणि मी मागंच गेलो.

आणि तिथं गेल्यावर कळलं की वाटेत जागोजागी अन्नक्षेत्रं, फुकट, हाताला धरून बसवतात, खिचडी-कढी काय, गाठिया काय, बुंदी काय. भाकरी काढायला लाज वाटायला लागली.

पहिल्याच दिवशी धापा टाकत बसलो होतो तर एक काका म्हणाले, आगे घोडी है. जीव भांड्यात पडला! म्हटलं, कितना लेती है? काका माझ्याकडं बघतच राहिले. मेहुण्याला माहीत होतं पण बोलला नाही बेणं. घोडी म्हणजे खिंडीचा चढ! आणि अशा तीन, इटवा, माळवेला आणि नळपाणी, त्यातली नळपाणीची सगळ्यात खडी. तिच्यावर मी दोन्ही हातांनी चढलो, म्हणजे घोडी कोण झालं ते तुम्हीच बघा.

बोरदेवी हा शेवटचा मुक्काम, तिथनं परत भवनाथला, निघालो तिथंच. चादरी एका म्हातारबाबांना देऊन टाकल्या, त्यांनी वजन बघून आधी मलाच आशीर्वाद दिला.

भाकऱ्या मात्र सगळ्या परत आल्या, मोजून तीस. मला वाटलं आई चिडणार. तिनं त्या देवापुढं ठेवल्या, हळदकुंकू वाहिलं आणि परिक्रमा करून आल्यात म्हणून गल्लीभर अर्धी-अर्धी वाटल्या. मला एकच मिळाली, तीपण चतकोर.