स्टार आठ

ऑफिसात एखाद्यानं वाय-फायचा डबा बंद करून पुन्हा चालू केला की तो आयटीतला माणूस ठरतो. मी अकाउंट्सला आहे. डबा मी दोन वर्षांपूर्वी एकदाच चालू केला होता.

आमचं ऑफिस ठाण्याच्या वागळे इस्टेटीत, तिसऱ्या मजल्यावर. एमआयडीसी १९६२ सालची; आमचं जुनं ईपीएबीएक्स, म्हणजे ऑफिसातले फोन जोडणारं एक्स्चेंज, तिच्या बारशाला आलेलं असावं. गेल्या पावसाळ्यात ते वारलं. तेवढ्यात साहेबांच्या कानावर कुणीतरी घातलं, की अ‍ॅस्टरिस्क नावाचं एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर १९९९ पासून फुकट मिळतं. 'फुकट' या शब्दापुढचं साहेबांना सहसा ऐकू येत नाही. कॉम्प्युटरच्या नेटवर्कवर चालणारे नवे आयपी फोन आले, रिसेप्शनच्या काकूंकडे बटणांची पाटी जोडलेला थोरला फोन आला, आणि लावून देणारा मुलगा "बाकी सेटिंग सोपं आहे" म्हणत स्टेशनकडे गेला तो गेलाच.

बाकी सेटिंग म्हणजे कॉल पिकअप. फोन वाजतो दुसऱ्याच्या टेबलावर, उचलायचा आपल्या टेबलावरून. आजवर हे काम काकू आवाजावर करायच्या. "पर्चेस! फोन!" ही हाक खाली चहावाल्यालाही पोचायची.

यात प्रत्येक एक्स्टेंशनला दोन गट द्यावे लागतात. कॉलग्रुप सांगतो हा फोन कुठल्या वाड्यातला, आणि पिकअपग्रुप सांगतो याला कुठल्या वाड्यात डोकवायची मुभा आहे. मला वाटलं, कशाला ही भाऊबंदकी? सगळ्यांना दोन्हीकडे १ देऊन टाकला. सोमवारी *८ हा पिकअपचा कोड दाबून कुणीही कुणाचाही फोन ओढायला लागलं. दोन फोन एकदम वाजत असले, तर कुठला हवा असं स्टार आठ विचारत बसत नाही. साडेअकराला डिस्पॅचच्या पोरानं ट्रान्सपोर्टवाल्याचा समजून एक ओढला आणि विचारलं, "बोला शेठ, गाडी कुठवर आली?" पलीकडे साहेबांच्या सासूबाई. त्या खरंच गाडीनं निघालेल्या, त्यामुळे "ऐरोली" असं सांगूनही मोकळ्या झाल्या.

मग मुकाट्यानं वाटण्या केल्या.

आता काकूंची पाटी. तिच्यावर चौदा दिवे. हिरवा म्हणजे रिकामा, लाल म्हणजे बोलतोय, लाल लुकलुकतोय म्हणजे वाजतोय. याला बिझी लॅम्प फील्ड म्हणतात. काकू म्हणतात 'दिवाळी'. लुकलुकणारं बटण दाबलं की तो कॉल काकूंकडे यायला हवा. १०१ लुकलुकला. काकूंनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि नेमकं बटण दाबलं. साहेब केबिनमध्येच होते, पण फोन स्वतः उचलणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नाही. ते बाहेर आले.

"काकू, तुम्ही मला फोन करताय?"

"तुमचा फोन वाजतोय म्हणून केला."

"आता दोन वाजतायत!"

तेवढ्यात खरा कॉल कटला. साहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं, "काय दिवे लावलेत हे?" मी म्हटलं, चौदा.

घोळ असा, की बटणाला नुसता १०१ दिला तर फोन बिचारा १०१ लावून मोकळा होतो. लावायचं नाही, उचलायचं आहे, हे त्याला सांगायला पिकअप कोडचा वेगळा रकाना असतो. आमच्याकडे तिथे दोन स्टार हवे होते, म्हणजे तो **१०१ लावतो आणि कॉल खेचून आणतो. रकाना रिकामा होता. हे उमगायला मला अडीच दिवस आणि मामलेदारची एक तिखट मिसळ लागली. डोळ्यांतलं पाणी पुसल्यावर स्क्रीन जरा स्वच्छ दिसला असेल.

तेव्हापासून सगळं सुरळीत आहे. काकूंचं लक्ष मात्र आता फोनपेक्षा दिव्यांवर जास्त असतं. साहेबांचा दिवा किती वेळ लाल होता हे त्या विचारलं नाही तरी सांगतात. परवा मला जवळ बोलावून हळूच म्हणाल्या, "१०६ आणि ११२ रोज पावणेचारला एकदम लाल होतात. आणि हिरवेही एकदमच."

"बिघाड असेल," मी म्हटलं. "बघतो."

१०६ माझं एक्स्टेंशन आहे.

"छे, बघू नका," काकू चष्मा पुन्हा कपाळावर चढवत म्हणाल्या, "चांगलं चाललंय ते."