तुमच्या घरी ही भांडी घासतं कोण?

नमस्कार ताई,

जुन्या पितळी भांड्यांत पंगत मांडण्याबद्दल मी लिहिलं, त्याखाली तुमची लांबलचक प्रतिक्रिया आली. नुसतं ‘धन्यवाद’ लिहून मोकळं होणं मला जमेना. तुमचे आक्षेप तीन. पितळेच्या ताटासोबत सोलकढी आणि टोमॅटोचं सार वाढणं म्हणजे पाहुण्यांवर विषप्रयोग. अंघोळीच्या पाण्याच्या घंगाळात झेंडू तरंगवणं म्हणजे कामाच्या वस्तूची थट्टा. आणि तिसरा तुमच्याच शब्दांत : ‘माझ्या आजीच्या बोटांना राखेने भेगा पडायच्या. तुम्ही फोटो काढता. तुमच्या घरी ही भांडी घासतं कोण?’

तिसऱ्यापासूनच सुरुवात करतो, कारण त्याच्यापुढे बाकीचे दोन किरकोळ आहेत.

मी घासतो. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींशी ठरलेलं काम रोजच्या स्टीलच्या भांड्यांचं. पितळ त्यात येत नाही, आणि वरचे पैसे देऊन ते त्यांच्या गळ्यात मारायचंही नाही, असं पहिल्यापासून ठरवलंय. हौस माझी, तेव्हा चिंचेचा कोळ माझ्याच हाताला. म्हणूनच पितळी पंगत आठ पानांच्या वर जात नाही. नववा पाहुणा आला की सगळ्यांना स्टील.

तुमच्या आजीबद्दल लिहिलंत त्यात मला खोडण्यासारखं काही नाही. मोरीत उकिडवं बसायचं, राख, चिंच आणि नारळाची शेंडी घेऊन ताटांचा डोंगर उपसायचा, तोही गार पाण्यात. भरल्या घरात हे काम कुणाच्या वाट्याला यायचं? सुनांच्या, आणि ज्यांना ‘नाही’ म्हणायची सोयच नव्हती अशा आश्रित विधवांच्या. पुढे स्टील घरोघर आलं तेव्हा बायकांनी पितळ मोडीत घातलं, त्याला ‘परंपरा विसरल्या’ म्हणत उसासे टाकणारे बहुतेक पुरुष असतात, आणि त्यांनी आयुष्यात एक तांब्याही घासलेला नसतो. न कळकणारं, कल्हई (आतून कथलाचा लेप) न लागणारं, साबणाच्या एका हाताने निघणारं भांडं मिळाल्यावर त्या बायांनी दुसरं काय करायला हवं होतं?

तुम्ही न काढलेला एक मुद्दाही जोडतो. ‘जुन्या काळचं आदरातिथ्य’ हे शब्द मी मूळ लेखात जाणूनबुजून टाळले. पितळी तांब्या-भांडं सगळ्यांच्याच पुढे येत नसे. जातीवरून काहींना पाणी वरून ओतलं जायचं, काहींसाठी वेगळा कप गोठ्यात नाहीतर वळचणीला खोचून ठेवलेला असायचा. भांडी त्या काळातली आहेत म्हणून पंगतीचे नियमही त्या काळातले पाळायचे, असं थोडंच आहे? माझ्या ताटांवर कोणीही जेवतं, ही त्या भांड्यांच्या बाबतीत मला खरी सुधारणा वाटते.

आता घासण्याचं काम कमी कसं होतं तेही सांगतो. सगळं पितळ आरशासारखं लखलखलंच पाहिजे, हा हट्ट सोडला की निम्मं ओझं उतरतं. बाहेरून चढलेला तपकिरी थर कुणाचं काही बिघडवत नाही. उलट जुन्या भांड्याला तोच शोभतो. आत, जिथे अन्न टेकतं, तिथे मात्र स्वच्छ हवं, आणि हिरवं जंगाल दिसलं तर ते काढायलाच हवं. जेवण झालं की लगेच धुवायचं आणि फडक्याने कोरडं करायचं, म्हणजे पाण्याचे डाग धरत नाहीत. चिंच-मीठ लावून भांडं तसंच विसरलात तर ते गुलाबी-तांबूस पडतं. आंबटाने वरच्या थरातलं जस्त निघून जातं आणि तांबं उघडं पडतं, म्हणून तसं होतं. पितांबरी वापरा की चिंच, घासलं की भरपूर पाण्याने धुवा.

आंबटाचं म्हणाल, तर तुमची काळजी अगदी योग्य आहे, फक्त फोटो पुन्हा एकदा बघा. पिवळं दिसतंय ते ताट आहे. सोलकढी काचेच्या पेल्यांत आणि सार स्टीलच्या वाट्यांत. लिंबाची फोड आणि लोणचं ज्यावर आहे तो केळीच्या पानाचा तुकडा आहे. उघड्या पितळेत ताक, चिंच, कोकम, टोमॅटो यांतलं काहीही ठेवलं की तांबं आणि जस्त त्यात उतरतं, पदार्थ कळकतो, आणि जास्त वेळ राहिला तर मळमळ-उलटीवर जातं. हे आपल्या आज्यांना रसायनशास्त्राशिवाय ठाऊक होतं. म्हणून तर लोणच्याला चिनी मातीची बरणी आणि कोकणात आंबटाला दगडी.

शिजवायच्या भांड्याला मात्र कल्हई हवीच, तिथे तडजोड नाही. कल्हई होताना एकदा समोर उभं राहून बघा. कोळशाच्या भट्टीवर भांडं तापवतात, आत नवसागराची पूड टाकतात, नाकात झोंबणारा पांढरा धूर उठतो. तापल्यावर नवसागरातून निघणारं आम्ल धातूवरचा मळकट थर खाऊन टाकतं आणि कथलाला धरायला स्वच्छ पृष्ठभाग मिळतो. मग कथलाची कांडी नुसती टेकवली तरी वितळते, आणि कापसाच्या बोळ्याने ती दोन-चार फटकाऱ्यांत भांडंभर पसरवली की पिवळ्याचं रुपेरी होतं. ते बघताना मी अजूनही लहान मुलासारखा हरखतो. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, हे लक्षात ठेवलं की पुढचे नियम पाठ करावे लागत नाहीत : कल्हईचं भांडं रिकामं तापवायचं नाही, त्यात कोरडं भाजायचं नाही, तारेची घासणी लावायची नाही, ढवळायला लाकडी डाव. आतून पिवळं डोकावू लागलं की पुन्हा कल्हई. कथील शुद्ध आहे ना, हे तोंडावर विचारा. त्यात शिसं मिसळलेलं असेल तर सगळी मेहनत उलटी पडते. शिशाच्याच धास्तीने, ज्या जुन्या भांड्याला डाक (वितळलेल्या धातूचा सांधा) दिलेला दिसतो ते मी फक्त मांडायला वापरतो. ओतीव शोभेच्या वस्तूंतही शिसं असू शकतं, त्यामुळे त्यात खायचं-प्यायचं काही नाही.

घंगाळाचं मात्र मला पटलं नाही. गीझर आल्यावर घंगाळात पाणी विसणून अंघोळ कोण करतं? मग त्याच्यापुढे माळा, मोड किंवा दिवाणखाना एवढेच रस्ते उरतात. फुलं फक्त संध्याकाळी असतात. दुपारी त्याच घंगाळात बर्फ घालून पन्ह्याच्या बाटल्या गार केल्या होत्या, आणि जड बुडामुळे पोरांच्या धक्क्यानेही ते कलंडलं नाही. पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय तुम्ही पाहिलं असेल. दिनकर केळकरांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते, भांडी असल्या घरगुती वस्तूच जमवल्या आणि सगळा संग्रह राज्य सरकारच्या स्वाधीन केला. तिथला अडकित्ता आता सुपारी कातरत नाही, पण त्याची थट्टा झाली असं कुणी म्हणत नाही.

थट्टा मला दुसरीकडे दिसते. समईला भोक पाडून आत विजेची तार घालणं. जुन्या ताटावर चकचकीत लाखेचा हात मारून ते कायमचं जेवणातून उठवणं. आणि उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादहून आलेलं नवं पितळकाम रसायनाने काळवंडवून ‘वाड्यातलं आहे’ म्हणून खपवणं. मुरादाबादचं काम सुंदरच असतं, नवं म्हणून घ्या की! खरं जुनं भांडं सगळीकडे सारखं काळं नसतं. हात लागतो तिथे, काठाला, बुडाला ते झिजलेलं असतं, आणि बहुतेक वेळा त्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं एखादं नाव असतं. नवं आणि खरंखुरं घडलेलं हवं असेल तर पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्याचं मठारकाम अजून हाताने चालतं. हातोडीच्या प्रत्येक ठोक्याचा खळगा तिथल्या भांड्यावर दिसतो, आणि त्या ठोक्यांनीच पत्रा कणखर होतो.

शेवटी तुम्ही विचारलंत, की आजीची भांडी माळ्यावर पडून आहेत, मोडीत देऊ का. द्यायची असतील तर खुशाल द्या, त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही. फक्त त्याआधी काशाची भांडी वेगळी काढा. कासं म्हणजे तांबं आणि कथील, पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. काशाला भाव जास्त मिळतो, आणि मोडवाला दोन्ही एकाच तराजूत घालू शकतो. टिचकी मारली की काशाचा नाद बराच वेळ घुमत राहतो, पितळेचा लवकर विझतो. टिचकीच मारा, आपटून बघू नका; पितळ पोचतं, कासं तडकतं. नाव कोरलेलं एखादं भांडं निघालं तर भावंडांना आधी विचारा, नाहीतर पुढे दहा वर्षं ऐकून घ्यावं लागेल.

आणि परात निघाली तर ती ठेवा. तिला कल्हई लागत नाही, कणीक झाली की धुऊन पुसायची एवढंच. स्टीलची परात मळताना ओट्यावर सरकत राहते, ही जागची हलत नाही.