आपलं कोण, परकं कोण

जावयाला कॉम्प्युटरातलं कळतं, ही अफवा कोणी उठवली देव जाणे. मे महिना, नागपूरचा पारा ४५ वर. महालातल्या सासुरवाडीला टेकलो, आणि आमरस ताटात पडायच्या आत सासरेबुवांनी कॉम्प्युटर पुढ्यात सरकवला. "जावईबापू, दोन लाख फाईली आहेत म्हणते हा. आपल्या कोणत्या अन् परक्या कोणत्या, तेवढं पाहून द्या. परक्या काढून टाकू."

कूलरसमोर बसून मी नावं वाचू लागलो. दोनशेव्या फाईलीला डोकं गरगरलं. शेवटी शेजारचा इंजिनिअरिंगचा पोरगा धावला. "नाव कायले पाहून राहिले काका? हॅश काढा ना!"

हॅश म्हणजे फाईलीचा अंगठा. आतला बाईट न् बाईट गणितात पिळून निघालेला ठसा. एसएचए-२५६ या पद्धतीचा असेल तर ६४ अक्षरी, मग फाईल चिठ्ठीएवढी असो की सिनेमाएवढी. नाव बदला, ठसा हलत नाही. आत एक स्वल्पविराम हलवा, अख्खा ठसा पालटतो. मी एमडी-५ ही दुसरी पद्धत सुचवून पाहिली, तर पोरगा हसला. वेगवेगळ्या फाईलींचा एकच एमडी-५ ठसा निघू शकतो, हे २००४ सालीच दाखवून झालंय म्हणे.

अमेरिकेची एनआयएसटी ही सरकारी संस्था सॉफ्टवेअरं जमवून त्यांतल्या फाईलींच्या ठशांची यादी ठेवते, एनएसआरएल नावाची. जप्त केलेली डिस्क तपासताना ओळखीच्या फाईली तिच्या आधारे बाजूला काढायच्या आणि उरलेल्यांकडेच बघायचं. मात्र ओळखीची म्हणजे सज्जन असं नव्हे. यादीत हॅकिंगची अवजारंही आहेत. (सासरकडच्या पाहुण्यांची यादी मनात तरळून गेली.) आणि गंमत अशी, की सासरेबुवा ज्यांना परक्या म्हणत होते त्या ओळखीच्या फाईलींवरच कॉम्प्युटर चालत होता. त्या काढल्या असत्या तर जावईही घरातून निघाला असता.

रात्रभर यंत्र आमच्या फाईलींचे ठसे त्या यादीशी ताडत घरघरत राहिलं. सकाळी तर्री पोहे खाता खाता उरलेला गाळ पाहिला. 'पत्रिका', 'पत्रिका फायनल', 'पत्रिका खरी फायनल'. पहिल्या दोघींचा ठसा एकच. म्हणजे फायनल करताना कोणी काडी हलवली नव्हती. तिसरीचा निराळा. उघडली, तर माझ्याच लग्नाची. दोन्ही शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडली. फरक एकाच जागी होता. माझ्या नावापुढे आधी होतं 'बी.कॉम.', खऱ्या फायनलमध्ये 'बी.कॉम., संगणकतज्ज्ञ'.

सासरेबुवांनी चष्मा पुसला.

"ते मीच टाकलं होतं. ओळीत जागा उरली होती."