यजमान शेतकरी म्हणून आईचं नाव का चालत नाही?

दुपारपासून डोकं ठिकाणावर नाही. लिहूनच मोकळी होते.

पोरगी बी.एस्सी. ॲग्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सातव्या सेमिस्टरला त्यांना कार्यानुभव असतो. गावात राहायचं, एका शेतकऱ्याच्या हाताखाली काम शिकायचं. 'कृषिकन्यांनी केले मार्गदर्शन' म्हणून पेपरात फोटो येतात, ते हेच. तिच्या गटाला नेमकं आमचंच गाव मिळालं. फॉर्मवर यजमान शेतकऱ्याचं नाव लिहायचं होतं. तिने माझं लिहिलं. बापाचं नाही, माझं.

आज कॉलेजातून तिचा फोन. सरांनी फॉर्म परत केला. एक तर सातबारा वडिलांच्या नावावर, आणि दुसरं म्हणजे घरच्या शेतात कसला आलाय कार्यानुभव? दुसरा शेतकरी शोध.

कसला आलाय म्हणजे? लग्न होऊन जळगावच्या यावल तालुक्यात आले तेव्हापासून मी केळीत आहे. पील (बुंध्याजवळचे कोंब) कापण्यापासून घड उतरवण्यापर्यंत कोणतं काम माझ्या हाताखालून गेलं नाही ते दाखवा. करपा पानावर आधी बारीक पिवळट रेघेसारखा दिसतो, तेव्हाच पान काढलं तर बाग वाचते, हे मला कोणी फळ्यावर शिकवलं नाही. थंडीत चरका बसू नये म्हणून रात्री उठून बागेला पाणी द्यायचं, कडेने ओला पालापाचोळा पेटवून धूर करायचा, तेव्हा ह्यांच्या जोडीला बॅटरी धरून कोण असतं? केळीचा चीक लागून माझी एकही साडी डागाशिवाय राहिलेली नाही. आणि मी शिकवू शकत नाही, कारण पोरगी माझी आहे!

आता ती वहीची गोष्ट सांगते, कारण दुपारपासून तीच आठवतेय.

मे महिन्याच्या सुट्टीत ती घरी होती. मृगबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर लावलेल्या केळीची, कापणी चालू होती. तिने वही घेतली आणि बागेचा सगळा खर्च लिहायला बसली. टिश्यूची रोपं, ठिबक, खतं, फवारणी, मजूर. हे सांगत होते, ती लिहीत होती. मग तिने मान वर केली आणि म्हणाली, "आई, तुझी मजुरी किती धरू?"

मी म्हटलं, "माझी कसली मजुरी? घरचीच आहे ना मी."

तिने पेन खाली ठेवला. म्हणाली, आम्हाला शिकवलंय, घरच्या माणसांची मेहनतही खर्चात धरतात, हमीभाव ठरवताना सरकारसुद्धा धरतं. त्याला एफएल, म्हणजे फॅमिली लेबर म्हणतात. (केळीला हमीभाव नाहीच, पण ती वेगळी पोस्ट होईल.) मग तिने माझे दिवस लिहून काढले. आधी बाईच्या मजुरीने धरले, मग खोडून गड्याच्या मजुरीने धरले. "काम तेच केलंस ना?" म्हणाली. वहीत जो नफा दिसत होता तो बराच खाली आला. हे वहीकडे बघत राहिले. त्या दिवशी जेवताना कोणी फारसं बोललं नाही.

आता सांगा, हा प्रश्न तिने परक्या शेतकऱ्याच्या ओट्यावर बसून विचारला असता का? आणि विचारला असता तरी त्या घरातल्या बाईने खरं उत्तर दिलं असतं का? सर, वर्गात तुम्हीच शिकवलेला धडा ती माझ्या घरात येऊन जगली. आणि तुम्हीच म्हणता घरी कार्यानुभव होत नाही.

हो, घरचं ठिकाण दिलं तर काही पोरं झोपा काढतील आणि आईबाप डोळे मिटून सही करतील, हे मला माहीत आहे. मग तपासायला या. बांधावर उभे राहा, तिला विचारा केळफूल कधी मोडायचं आणि का. परक्या शेतकऱ्याकडे तरी कोण रोज बघायला येतं? बोर्डो मिश्रण (मोरचूद-चुन्याची फवारणी) एकदा करून दाखवायचं, बॅनर धरून फोटो काढायचा, झालं.

आणि हेही मान्य, की प्रत्येक लेकराने आईबापाचाच धंदा बघावा असं नाही. काही कामं अशी आहेत की त्यातून पोरांनी बाहेरच पडावं. पण माझी पोरगी स्वतःहून म्हणतेय, मला माझ्या आईकडून शिकायचंय. डॉक्टरची मुलगी आईच्या दवाखान्यात बसली तर सगळे कौतुक करतात. वकिलाचा मुलगा बापाचाच कोट घालून कोर्टात जातो. शेतकऱ्याच्याच लेकराला म्हणायचं, घरचं सोडून दुसरा शोध!

सातबाऱ्याचं तर मनाला फार लागलं. लक्ष्मी मुक्ती योजना १९९२ पासून आहे, बायकोचं नाव लावायला नवऱ्याने अर्ज करायचा, बस्स. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे महिला शेतकऱ्यांचं वर्ष जाहीर केलंय. आणि आमच्या गावात नाव लागलेल्या बायका शोधाव्या लागतात. ह्यांना दुपारी बोलले यावरून, जरा जास्तच बोलले. ते काही बोलले नाहीत, उठून तलाठ्याला फोन लावला, कागद काय काय लागतात ते विचारलं. माणूस वाईट नाही माझा. कोणी कधी विचारलंच नव्हतं त्यांना.

सरांवरही राग धरून बसायचं नाही मला. त्यांच्याही डोक्यावर नियम असतील. पण सोमवारी मी स्वतः कॉलेजात जाणार आहे, ती वही घेऊन. त्यांनी एकदा ती पानं उलटून बघावीत, मग हवं तर नाही म्हणावं.

ज्यांच्या मुलामुलींना कॉलेजने घरच्याच शेतावर कार्यानुभव करू दिलाय, त्यांनी सोमवारच्या आत मला सांगा. त्यांनी अर्ज कसा लिहिला होता तेही सांगा.